पिंपरीच्या मातीतलं औषध आणि न हटणारं यीस्ट

पिंपरीत राहणाऱ्या कुठल्याही आयटीवाल्याला 'एचए' म्हणजे काय विचारा. एचए कॉलनी, एचए ग्राउंड, फार तर 'तिथे पूर्वी काहीतरी औषधांची कंपनी होती ना' एवढं उत्तर मिळेल. हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हे पूर्ण नाव माझ्या टीममधल्या आठपैकी दोघांना माहीत होतं. या कंपनीत १९६१ साली एक नवं औषध सापडलं होतं आणि त्याच्या नावातच कंपनी आहे, हे मात्र एकालाही ठाऊक नव्हतं. आजचा वीकेंड लेख त्या औषधावर. आणि ते ज्याला मारायचं त्या यीस्टवर.

आता एका जावा डेव्हलपरला यीस्टशी काय देणंघेणं? तर मंडळी, मी मूळचा भंडारा जिल्ह्यातला. आमच्याकडे मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाची फुलं टपटप पडतात. ती वेचायची, वाळवायची, भिजवायची, आणि मग मडक्यात काय घडतं ते सगळ्या गावाला माहीत असतं पण बोलत कोणी नाही. फुलांवर यीस्ट आधीपासूनच बसलेलं असतं, बाहेरून विकत आणावं लागत नाही. ते फुलातली साखर खातं, वाढतं, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं, आणि मडकं फसफसतं. (इंग्रजांनी मुंबई इलाख्यात १८९२ मध्ये खास मोहाच्या फुलांसाठी कायदा केला होता. भंडारा मध्य प्रांतात, त्यामुळे तो आम्हाला लागू नव्हता. आमच्यासाठी वेगळी आबकारी होती. त्याबाबतीत साहेबाने कोणाला उपाशी ठेवलं नाही.)

या मडक्यात आपल्या विषयाचा पहिला धडा आहे. फसफसणं कायम चालत नाही. अल्कोहोलचं प्रमाण साधारण १२ ते १५ टक्क्यांच्या आसपास गेलं की बहुतेक यीस्ट मंदावतं आणि थांबतं. म्हणजे स्वतः तयार केलेलं रसायनच त्याची वाढ रोखतं. म्हणून तर त्यापेक्षा कडक दारू हवी असेल तर भट्टी लावावी लागते. एखादं रसायन यीस्टची वाढ थांबवतं म्हणजे नेमकं काय करतं, हा प्रश्न आमच्याकडच्या प्रत्येक मडक्यात पडून आहे. माझ्या डोक्यात तो तिथूनच आला असावा.

आता पिंपरीकडे.

स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे पेनिसिलीन आयात व्हायचं आणि ते महाग होतं. मग जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने पिंपरीच्या माळावर सरकारी कारखाना उभा राहिला. १९५४ मध्ये कंपनीची स्थापना झाली, १९५५ मध्ये उत्पादन सुरू झालं. सार्वजनिक क्षेत्रातली ही देशातली पहिली औषध कंपनी. आजूबाजूला तेव्हा शेती आणि गवत होतं. हिंजवडी हे नाव पुण्याबाहेर कोणी ऐकलेलं नव्हतं.

पेनिसिलीनने न्यूमोनियाचे, जखमांचे रोगी वाचायला लागले. पण जगभरच्या डॉक्टरांना एक नवीन कटकट दिसायला लागली. बॅक्टेरिया मारणारी औषधं भरपूर दिली की रुग्णाच्या तोंडात पांढरे चट्टे यायचे, घसा सोलवटायचा, बायकांना योनीमार्गात त्रास व्हायचा. कारण एक यीस्ट, कँडिडा अल्बिकन्स. ते आपल्या आतड्यात आणि तोंडात तसंही गुपचूप राहतंच. शेजारचे बॅक्टेरिया त्याला मर्यादेत ठेवतात. शेजारी मेले की त्याला मोकळं रान. पेनिसिलीन त्याचं काहीही बिघडवू शकत नाही, कारण पेनिसिलीन जी भिंत बांधण्यात अडथळा आणतं ती बॅक्टेरियाची भिंत असते. यीस्टची भिंत वेगळ्याच मालाची.

गंमत अशी की यीस्ट हे बॅक्टेरियापेक्षा आपल्याला जास्त जवळचं आहे. त्याच्या पेशीत केंद्रक आहे, मायटोकाँड्रिया आहेत, आपल्यासारखीच बरीचशी यंत्रणा आहे. बॅक्टेरिया मारायचा म्हणजे दुसऱ्याच ऑपरेटिंग सिस्टिमवरचा व्हायरस काढायचा. यीस्ट मारायचं म्हणजे आपल्याच कोडबेसची एक जुनी ब्रँच बंद पाडायची, आणि मेन ब्रँचला धक्का लागता कामा नये. म्हणूनच आजही बॅक्टेरियाविरुद्धच्या औषधांच्या तुलनेत बुरशीविरुद्धची औषधं अगदी मोजकी आहेत.

पहिली वाट अमेरिकेतल्या दोन बायकांनी काढली. एलिझाबेथ हेझन न्यूयॉर्क शहरात, रेचेल ब्राउन आल्बनीला. दोघी एकाच राज्याच्या आरोग्य खात्यात. हेझन मातीतले जिवाणू वाढवायची आणि काचेच्या बरणीत घालून चक्क पोस्टाने ब्राउनकडे पाठवायची. ब्राउन त्यातला रासायनिक अर्क वेगळा करून पोस्टानेच परत पाठवायची. व्हर्जिनियातल्या एका ओळखीच्या शेतावरच्या मातीत त्यांना हवा तो जिवाणू मिळाला. १९५० मध्ये जाहीर झालेल्या त्या औषधाचं नाव निस्टॅटिन, न्यूयॉर्क स्टेटवरून. रॉयल्टीचे कोट्यवधी रुपये दोघींनी संशोधनाला देऊन टाकले. (याच औषधाने १९६६ च्या पुरानंतर फ्लॉरेन्समधल्या बुरशी चढलेल्या चित्रांवर उपचार झाले. हा वेगळ्या लेखाचा विषय.) पाठोपाठ १९५० च्या दशकाच्या मध्यात स्क्विब कंपनीला व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीकाठच्या मातीतून अँफोटेरिसिन मिळालं. २०२१ मध्ये हे नाव महाराष्ट्रात घराघरात पोचलं, त्याकडे येतोच.

इकडे एचएच्या संशोधन विभागात मंडयम जीरसन्निधी तिरुमलाचार हे प्रमुख होते. माणूस मूळचा बुरशीतज्ज्ञ, वनस्पतींच्या रोगांचा अभ्यासक. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. पेनिसिलीनच्या कारखान्यात बुरशी समजणारा माणूस बसला होता, म्हणून तिथे फक्त परदेशी तंत्राची नक्कल झाली नाही, स्वतःचा शोधही सुरू झाला. पद्धत हेझन-ब्राउनसारखीच. मातीचे नमुने आणायचे, त्यातले स्ट्रेप्टोमायसिस जातीचे जिवाणू वेगळे करायचे. (पहिल्या पावसानंतर मातीचा जो वास येतो तो मुख्यतः याच मंडळींनी सोडलेल्या रसायनाचा.) मग प्रत्येक जिवाणू काय काय सोडतो ते बघायचं.

बघायचं म्हणजे कसं? काचेच्या थाळीत जेलीसारखं आगर ओतायचं, त्यावर कँडिडाच्या पेशी सगळीकडे सारख्या पसरायच्या आणि मधोमध संशयित अर्काचा ठिपका ठेवायचा. दुसऱ्या दिवशी थाळीवर यीस्टची पांढुरकी साय धरलेली असते. अर्कात दम असेल तर ठिपक्याभोवती स्वच्छ गोल रिंगण उरतं, तिथे यीस्ट उगवलेलंच नसतं. बहुतेक थाळ्यांवर रिंगण नसतंच. शेकडो नमुने, आणि रोज तेच. आपण ज्याला टेस्टिंग म्हणून नाकं मुरडतो त्याचं हे आद्य रूप.

पिंपरीच्या एका स्ट्रेप्टोमायसिसने रिंगण दाखवलं. जिवाणूला नाव मिळालं स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना. होय, आपली पिंपरी! ज्या पिंपरीत आपण पार्किंगवरून भांडतो ती लॅटिन वळणाने शास्त्रीय साहित्यात जाऊन बसली आहे. औषधाचं नाव हमायसिन, एचए अधिक मायसिन. तिरुमलाचार, मेनन आणि भट्ट यांचा त्यावरचा पहिला लेख १९६१ मध्ये कंपनीच्याच 'हिंदुस्तान अँटिबायोटिक्स बुलेटिन' या नियतकालिकात आला. सरकारी कारखाना स्वतःचं संशोधन-नियतकालिक काढतोय, हे चित्र आज जरा डोळ्यासमोर आणून बघा.

आता थोडं टेक्निकल. घाबरू नका, आकडेमोड आपल्या ओळखीचीच आहे. पावाचं यीस्ट चांगलं खाणंपिणं मिळालं तर साधारण दीड तासात दुप्पट होतं. २४ तासांत १६ वेळा दुप्पट, म्हणजे एका पेशीच्या २ चा १६ वा घात, ६५,५३६ पेशी. सुरुवातीला थोडा वेळ काहीच घडत नाही (पेशी वातावरणाशी जुळवून घेत असतात), मग आलेख सुसाट वर जातो, आणि अन्न संपलं की आडवा होतो. औषधाचा परिणाम म्हणजे या आलेखाचं काय होतं ते. एक तर आलेख उशिरा उठतो, किंवा त्याचा चढ कमी होतो, किंवा तो उठतच नाही, किंवा असलेल्या पेशीही मरून तो खाली येतो. शेवटचे दोन प्रकार वरवर सारखे दिसतात पण रोग्याच्या दृष्टीने त्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. वाढ नुसती थांबवणाऱ्या औषधाला रुग्णाच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीची मदत लागते. ती नसेल तर औषध बंद केल्यावर यीस्ट जिथे थांबलं होतं तिथून पुढे सुरू.

औषध किती लागतं हे शोधायची पद्धत तर आपल्याच धंद्यातली वाटते. नळ्यांची रांग लावायची, प्रत्येक नळीत आधीच्या निम्मं औषध. सगळ्यांत सारखं यीस्ट घालून ठेवून द्यायचं. गढूळ झालेली नळी म्हणजे यीस्ट वाढलं, स्वच्छ राहिली म्हणजे थांबलं. ज्या सर्वात कमी मात्रेला नळी स्वच्छ राहिली, तो तुमचा आकडा.

हमायसिन, निस्टॅटिन, अँफोटेरिसिन ही सगळी एकाच घराण्यातली, पॉलिईन म्हणतात त्यांना. यीस्टच्या पेशीच्या आवरणात एर्गोस्टेरॉल नावाचा चरबीसारखा पदार्थ असतो. आपल्या पेशींत त्या जागी कोलेस्टेरॉल असतं. पॉलिईन एर्गोस्टेरॉलला जाऊन चिकटतात. आवरणाला भोकं पडतात, आतलं पोटॅशियम बाहेर गळतं आणि पेशी मरते, असं अनेक वर्षं शिकवलं गेलं. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातल्या मार्टिन बर्क यांच्या गटाने दाखवलं की अँफोटेरिसिनच्या बाबतीत भोकं हा दुय्यम भाग आहे. रेणू एकत्र येऊन आवरणाबाहेर स्पंजासारखे बसतात आणि एर्गोस्टेरॉल शोषून घेतात. साठ वर्षं वापरात असलेलं औषध कसं चालतं हे साठ वर्षांनी नीट कळलं! आपल्याकडे प्रॉडक्शनमध्ये चालणाऱ्या कितीतरी गोष्टींचं असंच असतं, पण ते जाऊ दे.

अडचण तिथेच आहे. एर्गोस्टेरॉल आणि कोलेस्टेरॉल दिसायला भावंडं. औषध थोडंफार आपल्या पेशींनाही चिकटतं आणि मूत्रपिंडाला मार बसतो. डॉक्टर मंडळी अँफोटेरिसिनला 'अँफोटेरिबल' उगाच म्हणत नाहीत. हमायसिनचा उपयोग झाला तो मुख्यतः वरून लावण्यासाठी. तोंडातले चट्टे, योनीमार्गाचा संसर्ग, कानातली बुरशी. अमेरिकेतही १९६० च्या दशकात ते आधी उंदरांवर आणि मग शरीरात खोल गेलेल्या बुरशीच्या काही रुग्णांवर देऊन बघितलं गेलं. पण अशा आजारांवर जगभर मानलेलं औषध झालं ते अँफोटेरिसिनच, कारण ते शिरेतून देता येईल अशा रूपात आधी तयार झालं आणि त्याच्यामागे मोठी कंपनी होती. रेणू सापडणं ही गोष्टीची निम्मीच बाजू. तो रुग्णाच्या रक्तात सुरक्षित पोचवणं ही उरलेली निम्मी, आणि तिला पैसा आणि वर्षं जास्त लागतात. पिंपरीत पहिली निम्मी उत्तम जमली.

त्याच प्रयोगशाळेतून थोड्याच वर्षांत ऑरिओफंजिन निघालं. त्याच्या शोधकर्त्यांत तिरुमलाचारांबरोबर रहाळकर, सुकापुरे अशी आपली मराठी नावं दिसतात. हे औषध शेतीकडे वळलं. संत्र्या-मोसंबीच्या झाडाचा डिंक्या, भातावरचा करपा यांच्यासाठी. भात म्हटल्यावर मी लगेच लाखांदूरच्या मामाला फोन लावला. मामाचं कृषी केंद्र आहे. म्हटलं, मामाजी, ऑरिओफंजिन ठेवता का? "नाव आयकलं आहे ना बाबू. करप्यावर मारत होते म्हनत. आता कोनी मांगत नाही. काहून, पुन्यात धान लावलास का?" असो. धानाच्या जिल्ह्यातल्या दुकानदाराच्या आठवणीत पिंपरीची माती अजून आहे, एवढं मला पुरलं.

यीस्ट थांबवणाऱ्या औषधांची सगळ्यात भारी गोष्ट मात्र दुसऱ्याच मातीतली. १९६४-६५ मध्ये कॅनडाची एक तुकडी ईस्टर बेटावर गेली आणि तिथली माती घेऊन आली. माँट्रियलच्या आयर्स्ट कंपनीत सुरेन सहगल (जन्म खुशाबचा, आता पाकिस्तानात) आणि सहकाऱ्यांना त्यातून कँडिडाची वाढ रोखणारं रसायन मिळालं. बेटाच्या स्थानिक नावावरून रॅपामायसिन. १९७५ मध्ये ते जाहीर झालं. बुरशीचं औषध म्हणून मात्र ते फसलं, कारण ते माणसाची प्रतिकारशक्तीच दाबत होतं. पुढे माँट्रियलची लॅब बंद झाली तेव्हा सहगलांनी त्याच्या कुप्या घरच्या फ्रीजमध्ये जपून ठेवल्या. १९९१ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेल इथे हाइटमन, मोव्वा आणि हॉल या तिघांनी उलटा प्रश्न विचारला, की रॅपामायसिन देऊनही वाढत राहणारं यीस्ट सापडलं तर त्यात काय बिघडलेलं असेल? त्या बिघडलेल्या यीस्टमधून टीओआर ही जनुकं सापडली. खायला आहे की नाही हे पेशीला सांगणारं मुख्य बटणच म्हणा. रॅपामायसिन दिलं की भरल्या ताटावर बसलेलं यीस्ट दुष्काळ पडल्यासारखं वागतं आणि वाढ थांबवतं. हेच बटण आपल्या पेशींतही निघालं. १९९९ मध्ये मूत्रपिंड-रोपणाच्या रुग्णांसाठी या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली आणि आज कर्करोगापासून म्हातारपणापर्यंतच्या संशोधनात ते आहे. म्हणजे औषधाने यीस्ट कसं थांबतं हे बघता बघता आपण कसे वाढतो ते कळलं.

आता २०२१. करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर म्युकरमायकोसिस आला. म्युकर हे यीस्ट नव्हे, तंतूंची बुरशी आहे, पण तिच्यावरचं हत्यार तेच, अँफोटेरिसिन. आणि ते मिळेना. आमच्या भागातले लोक रुग्णाला घेऊन नागपूरला जायचे आणि नातेवाईक इंजेक्शनच्या मागे फिरायचे. व्हॉट्सअॅपवर तेव्हा रोज कोणाचा ना कोणाचा मेसेज असायचा, 'अँफो मिळेल का'. मे महिन्यात वर्ध्याच्या जेनेटिक लाइफ सायन्सेसने उत्पादन सुरू केलं तेव्हा विदर्भात ती पहिल्या पानाची बातमी होती.

त्या दिवसांत 'आपल्याकडे १९६१ पासून स्वतःचं औषध होतं आणि आपण ते वाया घालवलं' असं म्हणण्याचा मोह कोणालाही झाला असता. ते पूर्ण खरं नाही. हमायसिन म्युकरच्या रुग्णाला शिरेतून देण्याजोगं कधीच तयार झालेलं नव्हतं. पण अर्धं खरं आहे, आणि ते असं. अँफोटेरिसिनचा विषारीपणा कमी करायचा तर ते चरबीच्या सूक्ष्म थेंबांत, म्हणजे लिपोसोममध्ये गुंडाळून द्यायचं. या युक्तीवर आपल्याकडेही काम झालं. दिल्लीत बिमल बच्छावत यांच्या गटाने तर हमायसिनसुद्धा लिपोसोममध्ये घालून उंदरांवर तपासलं. आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर यांच्या गटाने भारतीय बनावटीच्या लिपोसोमल अँफोटेरिसिनच्या रुग्णांवर चाचण्या केल्या. त्यातून आलेलं औषध परदेशी ब्रँडपेक्षा स्वस्तात बाजारात आलं. म्हणजे दुसरी निम्मी बाजूही आपल्याला जमत होती. फक्त पिंपरी, दिल्ली आणि परळ यांना एका प्रोजेक्टवर बसवणारं कोणी नव्हतं.

एचएचं काय झालं? उदारीकरणानंतर चीनमधून स्वस्त पेनिसिलीन यायला लागलं, कंपनी तोट्यात गेली, पगार थकल्याच्या बातम्या वर्षानुवर्षं येत राहिल्या. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सरकारी औषध कंपन्यांची जादा जमीन विकून देणी भागवायचा निर्णय घेतला. त्यात एचए होती. २०२० मध्ये करोना आला तेव्हा कंपनीने सॅनिटायझर बनवलं. सॅनिटायझर म्हणजे मुख्यतः अल्कोहोल, आणि आपल्याकडे अल्कोहोल बनवतं कोण? उसाच्या मळीवर वाढणारं यीस्ट :-)

दरम्यान यीस्ट थांबलेलं नाही. २००९ मध्ये जपानमध्ये एका बाईच्या कानातून एक नवीन कँडिडा मिळालं, नाव ठेवलं कँडिडा ऑरिस. काही वर्षांतच ते भारतातल्या आयसीयूंमध्ये सापडायला लागलं. फ्लुकोनॅझोल, म्हणजे एर्गोस्टेरॉल तयारच होऊ न देणारं नेहमीचं औषध, त्याला बहुतेक वेळा जुमानत नाही. त्याचे काही वाण अँफोटेरिसिनलाही दाद देत नाहीत. ऑक्टोबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने धोकादायक बुरशींची पहिलीच यादी काढली. सर्वात वरच्या गटात चार नावं आहेत आणि त्यात ऑरिसही आहे, अल्बिकन्सही.

पुण्यात एनसीएलमध्ये १९५१ पासून औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे, त्यात यीस्टचे असंख्य वाण जपून ठेवलेत. तिथे काम करणारा एक मित्र कॉफी प्यायला तयार झालाय. मोहाच्या मडक्यातलं यीस्ट वेगळं काढून ठेवलंय का कोणी, हा माझा पहिला प्रश्न असेल. उत्तर मिळालं तर पुढच्या शनिवारी लिहीन.